मिठाचं धुवण

आधी मावशीचं लिहितो, मग झालेलं सांगतो. मावशी माझ्या नात्यातली नव्हे. ती मराठवाड्यातल्या मुरूडकडची, लातूरच्या एका तेल गिरणीत बॉयलरच्या पाण्यावर कामाला होती. ते काम मला तिनं शिकवलं. आज मी गुजरातेत एका कारखान्याच्या पाण्याच्या प्लँटवर आहे, गावापासून दोन दिवसांच्या वाटेवर. पोरं शिकली, डोक्यावर पक्कं छप्पर आहे. हे सगळं तिच्यामुळं.

मी नायगावकडचा. नववीत शाळा सोडली ती सोडलीच. लातूरला आलो त्या साली दुष्काळ होता, आमच्या विहिरीत नुसता गाळ उरला. मी बावीस वर्षांचा, बायको सात महिन्यांची गरोदर. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दुकानांच्या पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरडून वर नवं रंगवलेलं, खालचं अजून दिसायचं. गिरण्यांना माणसं लागत होती, म्हणून पत्र्याची पेटी उचलून आलो.

तिथल्या बोअरचं पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. बॉयलरमध्ये गेलं तर नळ्यांच्या आत पांढरा थर चढतो, जळण वाढतं आणि एखाद्या दिवशी नळीच फुटते. म्हणून ते आधी पुरुषभर उंचीच्या एका टाकीतून सोडायचं. टाकीत रेझिनचे पिवळट दाणे, खसखशीहून जरा मोठे. पाण्यातला जडपणा ते धरून ठेवतात. धरून धरून दमले की त्यांना मिठाचं पाणी पाजायचं, म्हणजे धरलेलं सोडून देतात. मग साध्या पाण्यानं धुऊन काढायचं. ते धुवण गटारीत.

साहेबांनी हे सगळं इंग्रजीत टाइप करून भिंतीला चिकटवलं होतं. मला ते जमेना आणि मावशीला तर अक्षरओळखच नव्हती. पण ती बाटलीत पाणी घेऊन साबणाचे चार थेंब टाकायची, खळखळ हलवायची, फेस किती वेळ उभा राहतो ते बघायची. "दमले रं दाणे. मीठ घाल." धुऊन झालं का, ते बोट बुडवून जिभेला लावून ठरवायची; खारट लागलं तर अजून धुवायचं. साहेबांच्या कागदाशी तिचं कधी चुकलं नाही.

पहिल्या आठवड्यात माझ्याकडं डबा नव्हता. तिनं अर्धी भाकर पुढं केली. आमच्या घरात बौद्धांच्या हातचं खात नसत. माझा हात क्षणभर अडला. तिनं ते बघितलं.

"दोन दिसांपासून पाणी माझ्याच हातचं पिऊन राहिलास," ती म्हणाली. "ते पोटात गेलं का कानात?"

मी हसलो, लाजलोही, आणि खाल्लं. पुढं दोन महिने तिच्या भाकरीतली अर्धी माझी होती.

मावशीला नवरा नव्हता. लेक नांदेडला नर्सिंग शिकत होती, ती एका म्हशीच्या दुधावर. म्हैस गिरणीच्या भिंतीला लागून बांधलेली असायची, मावशीच्या खोपटापुढं. त्या उन्हाळ्यात बोअर आणखी खोल गेला, पाणी आणखी जड झालं. दिवसातून एकदा मीठ लागायचं तिथं तीनदा लागू लागलं. तीनदा धुवण, तीनदा एवढं पाणी गटारीत. आमच्याकडं भांडी विसळलेलं पाणीसुद्धा जनावरापुढं ठेवायचे. माझ्यानं ते बघवायचं नाही.

त्या दुपारी मावशी टँकरच्या रांगेत होती. दोन दिवस टँकर आला नव्हता. भिंतीपलीकडं म्हैस जीभ बाहेर काढून उभी. मी धुवण जिभेला लावून बघितलं. खारट लागलं. पण घरी आम्ही पेंडीत मूठभर मीठ घालायचो, मीठ जनावराला चांगलं हेच मला माहीत. शिवाय मावशीचं एक तरी काम आपल्या हातून होतंय याचा आनंद. गटारीतला पाइप काढला, भिंतीवरून तिच्या डोणीत सोडला. म्हशीनं डोण संपवली. मी पुन्हा भरली.

तासाभरात ती झुलायला लागली. समोरची भिंत तिला दिसेना, डोकं आपटू लागली. मावशी दोन घागरी घेऊन आली. दोन्ही तिनं म्हशीपुढं ओतल्या, पण जनावर खाली पडून पाय झाडत होतं. जनावरांचे डॉक्टर येईतो संपलं. तहानलेल्या जनावराला एकदम इतकं मीठ म्हणजे विषच, ते म्हणाले.

सुपरवायझर आले. पाइप अजून भिंतीवरच होता. "हे कुणी केलं?"

नोकरी गेली तर बाळंतपण कशावर करायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "म्या केलं, साहेब. म्हस माझी, अक्कल बी माझीच."

"तू? इतकी वर्षं इथं काम करून?"

"हाव. उन्हानं डोस्कं फिरलं."

गिरणीच्या पाइपाला हात लावला म्हणून तिला तिथल्या तिथं कामावरून काढलं. मी खाली मान घालून उभा होतो. आत कुठंतरी हायसं वाटलं होतं, हेही लिहितो, कारण तेच मला जास्त छळतं.

संध्याकाळी तिच्या खोपटाशी गेलो. ती गाठोडं बांधत होती. म्हटलं, "मावशी, उद्या सांगतो साहेबाला."

"न्हाई सांगायचं. म्हस तर गेली, तुझ्या बोलण्यानं उठणार हाय का? तुला लेकरू व्हायचंय." मग माझ्याकडं न बघता, "खारं लागलं व्हतं ना रं जिभेला?"

"लागलं होतं."

"मग?"

ती गाठ आवळत राहिली.

मुलगी झाल्यावर एकदा मुरूडच्या स्टँडपर्यंत गेलो. हॉटेलात चहा घेतला आणि परतीची गाडी पकडली. तिच्या लेकीचं शिक्षण पुरं झालं का सुटलं, मला ठाऊक नाही. विचारायचीच भीती वाटते.

मावशी, तू असशील तर तुझ्यापुढं, नसशील तर लेकीपुढं, मी एक दिवस येईन. दारात व्यालेली म्हैस बांधीन, आणि चार माणसं गोळा करून सांगीन की पाइप मी सोडला होता.