उरलेली एक पोळी

पाहुण्यांसमोर मी बायकोची थट्टा केली, ती माझी चूक. "आमच्याकडे भिकाऱ्यालाही काही उरत नाही, सगळं शिळंपाकं हीच संपवते," असं म्हणालो होतो.

आता ती भावाकडे राहते आणि मी एकट्यापुरती कणीक भिजवतो. कितीही बेताने घेतली तरी एक पोळी उरतेच. आज सकाळी ती कुस्करून कांद्याच्या फोडणीत टाकली. पाण्याचा हबका मारला, तरी घास कोरडाच लागला. घराची काटकसर शेवटी कुणाच्या तरी घशाखाली उतरते. वीस वर्षं ती तिच्याच घशाखाली उतरली. मला वाटायचं, तिला कुस्करा आवडतो.

ताटली बाजूला ठेवून फोन लावला.

"सुनंदा, तू काय जेवतेस, हे मी कधी पाहिलंच नाही. माझं चुकलं."