मधली उभी ओळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण कुठूनतरी सुरुवात केली नाही तर पाय पुन्हा मागे येईल — आणि आता तो मागे येऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलंय.

केशोरीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. नवा फोन घेतला की लोक माझ्यापुढे ठेवतात, "भाऊ, तुमीच चालू करून द्या." लॉकचा आकडाही मीच टाकायचो. लोक तो विसरणार आणि माझंच डोकं खाणार — म्हणून सगळ्यांना एकच; प्रत्येकाला मात्र वाटायचं, हा आपला एकट्याचाच. दोन, पाच, आठ, शून्य. मधली उभी ओळ, सरळ वरून खाली. पैसे पाठवायच्या ॲपलाही तोच. अर्ध्या गावाला एकच किल्ली वाटली म्हणा ना! आणि मला ती माझी हुशारी वाटायची.

तीन वर्षांपूर्वी सुलोचनाकाकूंचा फोन आठवडी बाजारात चोरीला गेला. सून वैशाली सोबत होती. दोघी धापा टाकत माझ्याकडे आल्या. "लाक आहे ना भाऊ, मंग कोनी खोलन तं नाही?" काकूंनी विचारलं.

"कोणाच्या बापाले खुलत नाही काकू. बिनघोर घरी जा."

सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की लॉक काय कामाचं — हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. आधी बँकेला फोन लावा, सिम बंद करा, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? पण माझ्या कामावर कोणी शंका घेतलेली मला खपत नाही. तेव्हाही खपली नाही.

संध्याकाळपर्यंत काकूंचं खातं रिकामं झालं होतं.

इथपर्यंतचा मूर्खपणा कोणीही माफ करेल. मला सांगायचं आहे ते यापुढचं आहे.

दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या अंगणात बोलावलं. दहा-बारा माणसं जमली होती. आकडा माहीत नसताना फोन उघडतो का, एवढंच मला विचारलं. मी नाही म्हणालो. मग काकू उठल्या. "आकडा मले न् हिलेच माहीत होता. हिचा भाऊबी बाजारात फिरून राहिला होता." सगळ्यांच्या नजरा वैशालीकडे गेल्या.

ती रडली नाही. माझ्याकडे वळली. तिचाही फोन माझ्याच दुकानातला. "माह्या फोनलेबी तोच आकडा आहे. भाऊ, तुमीच टाकून देला ना? सांगा ना या लोकायले."

आणि मी काय सांगितलं? "मी सगळ्यायले एकच आकडा टाकत नाही. ज्याचा त्याचा येगळा."

एवढंच. घाबरलो होतो — गाव दुकानावर चालून येईल म्हणून. बाजारातल्या कोणीही, माझ्या कुठल्याही गिऱ्हाइकानं तो फोन उघडला असू शकतो. मी खरं बोललो असतो तर तिथंच सगळं मिटलं असतं. त्या आठवड्यात वैशाली माहेरी गेली, इटियाडोह धरणाकडं. नवरा आणायला गेला नाही. आज ती दुसऱ्यांच्या बांधीत, भाताच्या रोवणीला मजुरीनं जाते. आणि माझं दुकान? झक्क चाललंय.

मागच्या बाजारी ती आली. तिनं फोन माझ्यापुढे ठेवला. "खोला," म्हणाली. आकडा सांगितला नाही, मी विचारला नाही. मधली उभी ओळ. फोन उघडला. तीन वर्षं तिनं आकडा बदललाच नव्हता! तिनं एकदा माझ्या बोटाकडे पाहिलं, फोन उचलला आणि निघून गेली. मला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

आता दुकानाचं शटर खाली ओढलंय. आधी वैशालीकडे जाणार. मग काकूंच्या अंगणात, त्याच दहा-बारा माणसांना बोलावून सांगणार — पोरगी खरं बोलत होती, खोटं मी बोललो. भीती आजही तेवढीच आहे.

गाडी सुरू करतो.