मोबाईलमधला कळप

आमच्या गावात बकरी बटईने देतात, शेत देतात तशीच. बकरी मालकाची, चारायची दुसऱ्याने, आणि होतील ती पिल्लं अर्धी-अर्धी. कागद-बिगद काही नसतो. मालकाच्या अंगणात दोघं उभे राहतात. मालक एकेक अट मोठ्याने बोलतो, घेणारा आपल्यावरच्या प्रत्येक अटीला ‘हो’ म्हणतो, आणि मग आपल्या घरून आणलेला दोर बकरीच्या गळ्यात बांधून तिला घेऊन जातो. अटी लहान पोरांनाही पाठ असतात. दूध चारणाऱ्याचं. बकरी मेली तर तिचा कान कापून मालकाला आणून दाखवायचा, म्हणजे विकून खाल्ली असा संशय नको. आणि शेवटची अट मालकाने स्वतःवरच घालून घ्यायची: गाभण बकरी परत नेणार नाही, कारण पोटातल्या पिल्लांतही अर्धा वाटा चारणाऱ्याचा.

ही शेवटची अट माझ्या आईने आयुष्यात एकदाच मोडली, आणि ती माझ्यामुळे मोडली.

वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. आईने दोन बकऱ्यांपासून सुरुवात केली. मी गोंदियाला कॉलेजात गेले तोवर तिच्या बारा बकऱ्या गावातल्या चार घरी बटईने चरत होत्या. आमची जमीन जेमतेम दीड एकर, घर कौलारू, अंगावर दागिना नाही. गावात आईचा जो काही मान होता तो या बकऱ्यांचा. मोठ्या घरच्या बायकासुद्धा आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, येऊन टेकायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या आणि उठता उठता हळूच विचारायच्या, “बाई, एखादी बकरी हाय का वो?” आई लगेच हो म्हणायची नाही. विचार करून सांगते, म्हणायची. ते ‘विचार करून सांगते’ तिला फार आवडायचं, हे मला लहानपणीच कळलं होतं.

बारातल्या चार बकऱ्या मामीकडे होत्या. मामी म्हणजे नात्याची नाही, शेजारची. गोंड घरची. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जायची, बाकी वर्षभर बकऱ्या आणि रोजी. आई तिला वहिनी म्हणायची, ती आईला बाई. तिच्याकडची बकरी कधी लंगडली नाही की कधी उपाशी राहिली नाही.

मी गोंदियात एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत होते. टाळेबंदी लागली, क्लास बंद झाला, मी गावी परत आले. सहा महिने नुसती बसून काढले. तिशीला आलेली शिकलेली मुलगी घरी बसली की गावाला किती प्रश्न पडतात ते मी इथे सांगत नाही. आई काही बोलायची नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

तेव्हा हॉस्टेलमधल्या माझ्या जुन्या मैत्रिणीचा गोंदियाहून फोन आला. “यार, लोग गेम खेल के कमा रहे हैं, तू क्या बैठी है वहाँ?” मोबाईलवरचा खेळ होता. अंड्यातून निघणारे गोल गोल रंगीत प्राणी. तीन प्राण्यांची टोळी घ्यायची, दुसऱ्यांच्या टोळ्यांशी लढवायची, जिंकलं की खेळातली नाणी मिळायची, आणि ती नाणी ऑनलाईन बाजारात खरोखर रुपयांना विकली जायची. प्राणी महाग होते. पण ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला कोणी तरी आपले प्राणी खेळायला द्यायचा आणि कमाईतला हिस्सा घ्यायचा. याला ते लोक स्कॉलरशिप म्हणत. मला शाळेत कधी मिळाली नव्हती, ती अशी मिळाली.

आईला मी हे सगळं समजावायला बसले. या खेळामागचं ब्लॉकचेनचं तंत्र कसं सांगावं याची मनात तयारी करत होते. ती मध्येच म्हणाली, “मंजे बटईच झाली ना!”

मला हसू आलं. मैत्रिणीला ते नीट कळायला महिना लागला होता.

घरात नेट यायचं नाही. मी रोज दुपारी जेवून तलावाच्या पाळीवर जायची. तिथे एका मोहाच्या झाडाखाली नेटवर्कच्या दोन काड्या दिसायच्या. खाली पाण्यात ढिवर जाळं टाकत असायचे आणि वर मी बोट आपटत बसलेली. माझा मालक कुठल्या शहरातला, बाई का बुवा, मला आजही माहीत नाही. पण पंधरा दिवसांनी हिस्सा न चुकता यायचा. पहिल्या पैशात मी आईसाठी छताचा पंखा आणला. ती त्याच्याखाली बसली, वर पाहत राहिली आणि म्हणाली, “जनावर कोनाचं हाय?”

“मालकाचं.”

“दुसऱ्याची बकरी चारून पोट भरते, घर नाही भरत. आपली जनावरं घे.”

हे लिहून ठेवते, कारण नंतर गावाने सगळा दोष माझ्या शिक्षणाला दिला. सुरुवात आईनेच केली होती. पण घाई माझी. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

तीन चांगल्या प्राण्यांची किंमत साधारण सात बकऱ्या. बाकी घरांकडून तीन आल्या. चार मामीकडच्या. त्यातली एक तीन महिन्यांची गाभण होती.

मामी बकऱ्या घेऊन स्वतःच अंगणात आली. आईने आदल्या संध्याकाळी निरोप पाठवला होता. मामीने तीन दोर सोडून हातात घेतले, चौथ्यापाशी थांबली. “बाई, हे गाभन हाय. तिले पिल्लं होऊ द्या, मंग न्या.”

आईने माझ्याकडे पाहिलं. ती मला विचारत होती. मी नाही म्हटलं असतं तर तिने लगेच मामीचं ऐकलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी म्हणाले, “मामी, भाव रोज वाढून राहिला. दोन महिने थांबलो तं हातचं जाईन.”

मामी भांडली नाही. तिच्या वाट्याची एक लहान मादी तिच्या घरीच होती, ती तिची राहिली. “तुमची बकरी, तुमी न्या,” म्हणाली. चौथा दोर सोडला, चारही दोर गुंडाळले आणि निघून गेली. आई कितीतरी वेळ त्या गाभण बकरीच्या पाठीवरून हात फिरवत होती. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो आला.

आमचे तीन प्राणी आले. त्यांच्या कुलपाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द होते. ते मी कागदावर लिहिले आणि आईने तो कागद सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला. मी खेळायची. आई कधी कधी पाळीवर येऊन शेजारी बसायची आणि स्क्रीनकडे पाहून विचारायची, “ह्या निळ्याले आज दम नाही काऊन?” खरंच त्या निळ्याची ताकद संपलेली असायची. तिला खेळ येत नव्हता, जनावर कळत होतं.

कमाई होत होती. खोटं कशाला बोलू, महिन्याला माझ्या क्लासच्या पगाराहून जास्त होत होती. आणि आमची चूक इथेच झाली. नाणी विकून रुपये करायचे, की नाणी खर्चून दोन प्राण्यांची जोडी लावायची आणि नवं अंडं काढायचं, हे खेळणाऱ्याच्या हातात होतं. शहाणे लोक विकत होते. मैत्रीण फोनवर ओरडायची, “बेच दे, अभी बेच दे, पागल है क्या?” पण आमच्या घराला एकच धंदा माहीत होता, आणि त्याचा पहिला नियम म्हणजे पिल्लं देणारी मादी विकायची नाही. कळप वाढत असताना जो विकतो त्याला आमच्याकडे उडाणटप्पू म्हणतात. दोनाच्या बारा अशाच तर झाल्या होत्या. आम्ही अंडी काढत गेलो. तिनाचे सात झाले, साताचे अकरा. आई आल्यागेल्याला सांगायची, “माही पोरगी अकरा जनावरं पोसून राहिली.” अकरावं अंडं फुटलं तेव्हा तिने गूळ वाटला.

मग भाव पडायला लागला. आधी थोडा. आमचा दुसरा नियम पुढे आला: जनावर स्वस्त असताना घ्यावं. उन्हाळ्यात चारा संपला की लोक पडेल भावाने बकऱ्या काढतात, तेव्हाच आई घ्यायची आणि पावसाळ्यानंतर तिचंच खरं ठरायचं. राहिलेल्या पाच बकऱ्या विकून आम्ही आणखी प्राणी घेतले. बुडत्याचा पाय खोलात. पावसाळा आला, दिवाळी झाली, भाव काही वर आला नाही. शेवटी असं झालं की महिनाभर खेळून जे मिळे त्यात मोबाईलचा रिचार्जही होईना.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. लोक म्हणतात, खोटी जनावरं होती, डोळ्यांना दिसणारी नव्हती, बुडायचीच होती. मला हे पटत नाही. पंखा खरा आहे, अजून फिरतो. फरक दुसराच होता, आणि आईसारख्या बाईला तो आधी दिसला असता, मी विचारू दिलं असतं तर. बकरी पाला खाते. जगात दुसऱ्या कोणी बकरी घेवो न घेवो, तिला पाला लागतो आणि ती पिल्लू देते. ती रंगीत जनावरं पुढे येणाऱ्या नव्या माणसाचे पैसे खात होती. आमच्यासारखे सगळेच अंडी काढत बसले आणि नवं कोणी येईना, तेव्हा त्यांना खायला काही उरलं नाही. ‘हे खातात काय?’ इतका साधा प्रश्न होता. मी कॉम्प्युटर शिकवणारी, मला तो सुचला नाही.

आईला सांगायला मी आठवडा लावला. तिने विचारलं, “मेले का?”

“नाही. सगळे आहेत. कोणी घेत नाही.”

तिने मोबाईल हातात घेतला. सगळे प्राणी ओळीने उभे होते, उड्या मारत होते, हसत होते. तिने एकेकावर बोट ठेवून पाहिलं. “मेली असती तं कान तरी दाखवला असतास,” म्हणाली. “हे तं सारे जिते हायेत.” आणि मोबाईल परत दिला.

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने सपरीत बसणंच सोडलं. सकाळी अंगण झाडायचं, रोवणीला नाहीतर कापणीला रोजीने जायचं, आल्यावर आत बसायचं. दारात बकरी विचारायला कोणी येत नव्हतं. ‘विचार करून सांगते’ हे वाक्यच घरातून गेलं. हसणारे हसले. त्यातले निम्मे आधी माझ्याकडे ‘आमालेबी सिकव ना’ म्हणून येऊन गेले होते, पण ते त्यांना आठवत नाही. मला त्यांचा राग येतो. आईपुढे मात्र मला मान वर करता येत नव्हती. आणि मामीच्या घरावरून जायची वेळ आली की मी तलावाकडून फेरा घालून जायची.

पुढे मला ऑनलाईन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात काम मिळालं. अजून तिथेच आहे. पोट भरतं. आईला बकरी घेऊन द्यावी म्हणून मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा ती म्हणाली, “राहू दे.” माझ्या पैशाची बकरी तिला नको होती, असं मला वाटतं. विचारायची हिंमत झाली नाही.

गेल्या वर्षी धान कापणी आटोपल्यावर एका सकाळी मामी आमच्या अंगणात आली. बरोबर एक पांढऱ्या कपाळाची मादी होती, अंगाने भरलेली, चकचकीत. मामीच्या वाट्याला राहिलेल्या त्या लहान मादीचीच ही लेक. मामीने इतक्या वर्षांत एकही मादी विकली नव्हती. नियम तोच होता, आमचाच. तिच्या घरी आता आठ बकऱ्या आहेत.

“बाई,” मामी म्हणाली, “माह्याच्यानं इतक्या होऊन नाही राहिल्या. हे तुमी बटईनं घ्या.”

आई दारात उभी होती. जन्मभर देणारी बाई, तिच्यावर आता घ्यायची वेळ आली होती. ती काय म्हणेल याची मला धास्ती वाटली. ती म्हणाली, “विचार करून सांगते.” मग तिचं तिलाच हसू आलं, आणि मामीलाही. आई पायरी उतरून खाली आली. घेणाऱ्याने दोर आपला आणायचा असतो. ती परत आत जाऊन शोधू लागली. आमच्या घरात दोर नव्हता. मामीने बकरीच्या गळ्यातला दोर सोडला नाही. “राहू द्या त्योच,” म्हणाली.

मग अटी. मामी मोठ्याने बोलत होती, आई हो म्हणत होती. पिल्लं अर्धी-अर्धी. हो. दूध तुमचं. हो. मेली तं कान. हो.

शेवटच्या अटीला मामी थांबली. तिने आईवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी उभी होते. तिच्या तोंडावर राग नव्हता. बाकीच्या अटी म्हटल्या त्याच आवाजात ती म्हणाली, “आन गाभन असली तं मी नेनार नाही.”

ही अट मालकाची असते. तिच्यावर चारणाऱ्याने हो म्हणायचं काही कारण नसतं, चारणाऱ्याच्या पोरीने तर नाहीच. दोघी माझ्याकडे पाहत होत्या.

मी पायरी उतरले, दोर हातात घेतला आणि हो म्हणाले.