कुंपणापलीकडचं घर आणि आमचा जनरेटर

भारनियमनाच्या त्या वर्षांत मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याची शेड बांधत होतो. साईट इंजिनिअर म्हणजे मालकाची घाई, ठेकेदाराचा खर्च आणि मजुरांचा वैताग, सगळं आपल्याच डोक्यावर. मालकाला दसऱ्याला यंत्रांची पूजा करायची होती. वीज तासन्‌तास नसायची, म्हणून डिझेल जनरेटर दिवसभर धडधडायचा.

कुंपणापलीकडं एक म्हातारं जोडपं राहायचं. सगळे त्यांना अण्णा आणि अक्का म्हणत. जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवणारं. नेमका त्याच वेळी आमचा धूर त्यांच्या स्वयंपाकघरात शिरायचा. एके दिवशी अण्णा गेटवर आले.

"साहेब, तुमचं काम हुईल की. पण घरात हिला घास गिळवंना. दम लागतोय."

कार्बन वगैरे शब्द तेव्हा साईटवर कुणी काढत नसे. आम्ही धूरच म्हणायचो. मी विजेच्या वेळा बघून काम नव्यानं लावलं. वीज असेल तेव्हा वेल्डिंग आणि मिक्सर, नसेल तेव्हा सळ्या बांधणं, वीटकाम. डिझेल वाचलं, पण काम लांबलं आणि मजुरी वाढली.

ठेकेदार म्हणाला, "धूर कमी केल्याचं बिल कुणाच्या नावानं फाडू?"

मी कामाच्या वेळा तशाच ठेवल्या. ऑफिसच्या स्लॅबला मात्र जनरेटर लागणारच होता. तसं मी आदल्या दिवशी सांगून आलो, तेव्हा अण्णांनी अक्कांना शहरात, राजारामपुरीत मुलीकडं पोचवलं.

पुढच्याच आठवड्यात मालक येऊन गेला. "जनरेटर बंद ठेवायचा न्हाय. दसरा चुकला न्हाय पायजे." मी एकदा समजावून पाहिलं. दुसऱ्यांदा बोलायचं त्राण नव्हतं.

सांगायला गेलो तर अण्णा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

"व्हय, आवाजावरनंच कळलं," ते म्हणाले. "हिला ऱ्हाऊ दे तिकडंच आता. बसा, च्या घ्या."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. चहा कसाबसा संपवला.

शेड दसऱ्याला उभी राहिली. पूजा मोकळ्या फरशीचीच झाली. यंत्रं बंदरात अडकली होती, ती थंडी पडल्यावर आली. दिवाळीत अक्का परतल्या आणि कुंपणाजवळ थांबून मला म्हणाल्या, "झालं का हो तुमचं काम?"

मी हो म्हणालो, आणि सेंट्रिंगच्या फळ्या ट्रकमध्ये भरायला सांगायला वळलो.