बिनशिंगी एल्क

लेकीच्या अमेरिकेतल्या गावाहून, बॉथेलहून, एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी निघालो तेव्हा भुरभुर पाऊस होता. "आई, जॅकेट घे, घाटात अजून स्नो आहे," म्हणत लेकीनं ते गाडीच्या खिडकीतून माझ्या मांडीवर टाकलं. गाडी शरयू चालवत होती. ही माझी कोल्हापूरच्या कलाशाळेतली मैत्रीण. चाळीस वर्षं अमेरिकेत एल्क (आपल्या सांबराहून थोराड हरीण), अस्वलं आणि घोड्यावरचे काउबॉय रंगवून तिनं नाव कमावलं. दोन वर्षांपूर्वी ब्रश बाजूला ठेवून ती ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसली. सोमवारी हस्तलिखित प्रकाशकाकडे जायचं होतं.

"अकरावं प्रकरण जिथे घडतं, ती जागा दाखवते तुला," ती म्हणाली. ते प्रकरण वाचून मी ढसाढसा रडले होते. शंभर वर्षांपूर्वीची एक विधवा, एप्रिल महिना, वितळलेल्या बर्फाच्या पुरात गुरं वाहून गेलेली. उपाशी बाई एल्कवर बंदूक रोखते, त्याच्या भल्यामोठ्या शिंगांमध्ये उगवता सूर्य दिसतो आणि तिचा हात खाली येतो. सगळी कादंबरी त्या शिंगांवर उभी होती.

घाटमाथ्यावर बर्फ आणि पलीकडे उतरलो तर खडखडीत ऊन! डोंगरांनी पाऊस अलीकडेच अडवून ठेवलेला. उघड्या टेकड्यांवर सेजब्रश (दवण्याच्या जातीचं झुडूप; चुरगाळलं की उग्र वास) पसरलं होतं. दगडावर बसून आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. समोरच्या उतारावर एल्कचा कळप चरत होता.

"या सगळ्या माद्याच का गं?" मी विचारलं. मला प्रश्न विचारायची लाज कधीच वाटली नाही.

उत्तर शरयूऐवजी मागून आलं. पाठीवर दोन मोठी शिंगं बांधलेला एक म्हातारा चढण चढून येत होता. जमीन त्याचीच होती. "कडेचे ते तीन नर आहेत, मॅडम. शिंगं गेल्या महिन्यात गळली. दरवर्षी गळतात, मी वेचून आणतो," तो हसून म्हणाला.

मीही हसले. शरयू मात्र पांढरीफटक पडली.

म्हातारा गेल्यावर ती म्हणाली, "एप्रिल. मी एप्रिल लिहिलंय."

"मग शरद ऋतू कर."

"आणि पूर कुठून आणू? बर्फ वितळल्याशिवाय पूर नाही, पूर नाही तर भूक नाही. अगं, मला माहीत होतं हे! पण बिनशिंगी एल्क कोण विकत घेतो? आयुष्यभर शिंगंच रंगवली, तीच लिहिली."

तिनं संपादिकेला फोन लावला. वाचकांच्या लक्षात येणार नाही, तसंच राहू दे, असं बाईंचं म्हणणं. "माझ्या लक्षात आलंय," शरयू म्हणाली आणि फोन ठेवला. मला तिचा भारी अभिमान वाटला, आणि भीतीही. गॅलऱ्यांनी तिला विचारणं केव्हाच सोडलं होतं. हे पुस्तक फसलं तर हातात काहीच नव्हतं.

तिनं वही काढली. आधी नराचं बोडकं डोकं रेखाटलं, शिंगं गळल्यावर कपाळावर राहिलेल्या दोन गोल खुणांसकट. मग तीन तास लिहीत बसली. मी जॅकेट पांघरून चक्क झोप काढली.

परतताना घाटात पुन्हा पाऊस लागला. गाडी बाजूला घेऊन तिनं वाचून दाखवलं. आता विधवेला समोरचं जनावर मादी वाटतं. पोटात पिल्लू असेल म्हणून ती बंदूक खाली करते. जनावर वळतं, कपाळावरच्या खुणा दिसतात. नर! तोवर तो झाडीत पसार. आणि ती उपाशी बाई पुराच्या काठावर एकटीच खदखदून हसते. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा.

"पाठव," मी म्हणाले. सोमवारी तिनं तेच पाठवलं.

अमेरिकेत मी पुष्कळ पाहिलं, पण सांगण्यासारखं एवढंच. चाळीस वर्षं शरयूनं दुसऱ्यांच्या भिंतींसाठी एल्क पाहिले. त्या शनिवारी तिनं पहिल्यांदा एक स्वतःसाठी पाहिला.