सगळ्यात गडद शेड

दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे. ते तिनं माझ्या काउंटरवर उताणे ठेवले आणि म्हणाली, "ताई, मले काळी करून दे."

नांदुऱ्यात मी वीस वर्षं ब्यूटी पार्लर चालवते. गोरं करून द्या म्हणणाऱ्या किती आल्या याची मोजदाद नाही. काळी करून दे म्हणणारी ही पहिली. मला वाटलं, गिरणीच्या आवाजात राहून राहून हिचं डोकं फिरलं.

ती माझी शेजारीण. भिंतीला भिंत लागून तिच्या भावाची पिठाची गिरणी. भाऊ शेतीत असायचा, गिरणी चालवायची ती. पन्नास किलोचा धान्याचा कट्टा अशी उचलायची की दळण घेऊन आलेले गडी उगाच इकडंतिकडं बघायचे. तिला काहीही विचारा, उत्तर एकच. पट्टा तुटला? पाहून घेऊ. लाइट गेली? पाहून घेऊ. उद्या मेलीस तर काय करशील, असं मी एकदा वैतागून विचारलं. त्यावरही तेच.

तिचं लग्न झालं नव्हतं. विशीपासून तिशीपर्यंत तिला सतरा जण पाहून गेले, आणि बहुतेक वेळा तिला नटवलं ते मीच. मानेवर, हातांवर, पाठीवर, जिथं म्हणून ब्लाउजबाहेर कातडी दिसेल तिथं पावडर थापली. खांदे दिसू नयेत म्हणून पदर कसा घ्यायचा, तेही मीच शिकवलं. पाहुणे पोहे खायचे, चालून दाखव म्हणायचे, आणि चार दिवसांनी निरोप यायचा, की मुलगी रंगानं कमी आहे, हाडापेरानं जबर आहे. अठराव्या वेळी ती पाटावर बसलीच नाही. मग घरात तो विषयच बंद झाला.

आणि आता छत्तिसाव्या वर्षी हिला काळं व्हायचं होतं. आता बोला.

"काऊन वं? काय झालं तुले?" मी विचारलं.

तेव्हा तिनं सांगितलं. बसस्टँडमागच्या जिमचे सर तिच्याकडं दळण आणायचे. त्यांनी तिला कट्टा उचलताना पाहिलं आणि जिमला बोलावलं. वर्षभर ती सकाळी बायांच्या वेळात जात होती, आणि मला शेजारी असून पत्ता नव्हता. अकोल्याला शरीरसौष्ठव स्पर्धा होती, त्यात बायांचाही गट होता. दिव्यांच्या उजेडात स्नायू उठून दिसावेत म्हणून अंगाला गडद रंग लावतात म्हणे. सरांनी बाटली दिली होती. लावायला बाई हवी होती.

तीन महिने तिनं भाकर का सोडली होती, ते मला तेव्हा कळलं. दिवसभर दुसऱ्यांची ज्वारी दळायची आणि स्वतःच्या डब्यात उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग. गल्लीत बाया म्हणायच्या, हिले शुगर झाली, पाहा कशी वाळून राह्यली.

भावाला माहीत आहे का, असं मी विचारलं. नव्हतं. "कळलं त गिरणीतून काढीन तो मले," ती म्हणाली. गिरणी सोडली तर त्या घरात तिचं म्हणून काही नव्हतं. मग कशाला जाते, असं मी विचारलं.

"सतरा जण पाहून गेले, ताई. आता मी दाखवतो."

यातलं मला काय समजलं? काही नाही. पण रविवारी मी पेटी घेऊन तिच्यासोबत अकोल्याच्या गाडीत बसले.

अंग मोठं, बाटली लहान. पाठीपर्यंत येता येता रंग संपला. माझ्या पेटीत एक फाउंडेशन होतं, सगळ्यात गडद शेड. कंपनीवाल्यानं गळ्यात मारलेलं, नांदुऱ्यात एकीनंही कधी न घेतलेलं. ते मी तेलात कालवलं आणि तिच्या पाठीला, दंडांपासून मनगटांपर्यंत चोळलं. माझा हात सारखा अडखळत होता. त्या पाठीवर त्यानं आजवर उलटंच काम केलं होतं.

स्टेजवर चौघी होत्या. अंगावर रुमालाएवढं कापड, कमरेला नंबराचा बिल्ला. मी लाजेनं तिच्या पावलांकडं बघत बसले. माइकवरून हुकूम येत होते, उजवीकडं वळा, पाठ दाखवा. अगदी पाहुण्यांसारखे. मग फरक काय होता? तो मला आजही धड सांगता येत नाही. तिनं पाठ फिरवली आणि ती पाठ सुपासारखी पसरत गेली, तेव्हा माझी मान आपोआप वर झाली. लोक टाळ्या वाजवत होते की टिंगल करत होते, कळेना. मला रडू आलं. ते कशाचं, तेही कळेना.

चौघींत ती तिसरी आली. ट्रॉफी मिळाली, तिच्यावर पितळी पुतळा, तोही पुरुषाचा. परतीच्या गाडीत तिनं तो मांडीवर घेतला आणि मला विचारलं, याले साडी नेसवू का? आम्ही दोघी जलंब स्टेशन येईपर्यंत हसत होतो. घरी नेता येईना म्हणून ट्रॉफी तिनं माझ्या आरशासमोर ठेवली.

सोमवारी ती पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून गिरणीत उभी राहिली. दोनदा आंघोळ करूनही रंग गेला नव्हता. दुपारी घाम आला आणि माझी ती शेड मनगटावरून ओघळून दळणात पडली. वडनेर भोलजी गावची एक बाई डबा परत घेऊन आली, पीठ तपकिरी काऊन निघालं म्हणून. भाऊ नेमका तिथंच होता. औषध लावलं असं सांग, हे मी तिला आधीच पढवून ठेवलं होतं. तिनं गिरणी बंद केली आणि सगळं खरं सांगून टाकलं. भिंतीपलीकडून मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"लोकाईसमोर उघडी उभी राह्यली तू?" भाऊ म्हणाला.

"सतरा वेळा त तुमीच उभी केली मले, दादा. आंगावर कापड तेवढं जास्त होतं."

भाऊ वाईट माणूस नाही. त्यानं आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीवर पगारी माणूस ठेवला, एवढंच.

मेहकरच्या एका जिमला बायांना शिकवायला बाई हवी होती. आठ दिवसांनी ती तिकडं निघाली. बसला जायच्या आधी माझ्याकडं आली, तेव्हा कोपरांच्या घड्यांत रंग अजून होता. मी कापूस भिजवला. म्हटलं, माझ्यामुळं गेली गं तुझी गिरणी, हा एवढा तरी काढू दे. तिनं हात मागं घेतला.

"राहू दे, ताई. जाईन तो आपोआप."

ट्रॉफी नंतर नेतो म्हणाली. अजून नेली नाही. फोन कधी उचलते, कधी नाही. बरी आहेस का विचारलं तर म्हणते, पाहून घेऊ. यातून मी काय समजायचं, तुम्हीच सांगा. मी तिचं वाटोळं केलं की भलं, मला ठरवता येत नाही. तिची मात्र फार आठवण येते.

परवा एक आई मुलीला घेऊन आली. दोन शेड उजळ करा म्हणाली, हातही, मानही. मुलगी आरशात न बघता ट्रॉफीकडंच बघत होती. मी पावडरचा पफ उचलला आणि हात तिथंच थांबला. वीस वर्षांत कोणत्याच पोरीला विचारलं नव्हतं, ते मी विचारलं.

"बाई, तुले कोणता रंग पाहिजे?"

पोरीनं आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं. भिंतीपलीकडं गिरणी चालू होती.

आई म्हणाली, "आवरा ना, ताई. पाहुणे चार वाजता येऊन राह्यले."