जिना चढून गेलेली थोरली

त्या मालिकेतली माणसं जेवायला बसली की टेबलाच्या एकाच बाजूला दाटीवाटीनं बसायची. समोरची अख्खी बाजू मोकळी. आमची आई ते पाहून दर आठवड्याला वैतागायची. "येवढी जागा पडलीय, अन् एकमेकाच्या मांडीवर काय बसून राह्यलेत?" तिचे आणखीही प्रश्न होते. त्या घरातला बाप कामावर कधी जातो? भांडी कोण घासतं? दाराला कडी का नाही, की शेजारी उठसूट आत घुसतो? आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे, कुणी काही बोललं की हसतं कोण? घरातलं तर कुणी हसत नाही, मग हा घोळक्याचा हशा येतो कुठून? आईनं त्याचं उत्तर स्वतःच शोधलं होतं. ती म्हणायची, लोक खिडकीबाहेर उभे असतील. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते बाहेर उभं राहून ऐकायचं आणि हसायचं, यात तिला काही नवल वाटत नव्हतं. आमच्या दारापुढं ते रोज चालायचं.

हल्ली लोक जुन्या विनोदी मालिकांमधल्या असल्या गमती शोधून काढतात आणि तासभर हसतात. अमक्या मालिकेतला मुलगा एकाएकी गायबच झाला, तमक्या मालिकेतली आई मधूनच बदलली आणि घरातल्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी अशा गप्पांतून उठून जाते. माझं तोंड तिखट आहे, उगाच कुणाच्या हसण्यावर पाणी पडायला नको.

आम्ही कुंभार पिंपळगावचे. घरची जमीन, घरचीच विहीर. दादा, म्हणजे माझे वडील, गावात चार माणसं ज्यांच्या ओसरीवर येऊन बसतात अशांपैकी होते. माझी थोरली बहीण घरातून गेली तेव्हा मी तिसरीत होते. ती गेली बाजाराच्या दिवशी, विहिरीच्या मोटारी भरून देणाऱ्या पोराबरोबर. आमची मोटार जळली की तोच येऊन ती खोलायचा आणि नवी तार भरून द्यायचा. माणूस कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, हे सगळ्यांना मान्य होतं. पण त्याच्या आजानं मेंढरं राखली होती आणि आम्ही जमीनवाले होतो, तेवढं पुरे होतं.

तिसऱ्या दिवशी दादांनी तिच्या नावानं आंघोळ केली. हे मी बोलण्यातलं सांगत नाही. अंगणातल्या दगडावर बसून त्यांनी अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून थंड पाणी घेतलं, माणूस गेल्यावर घेतात तसं. मग आईला घ्यायला लावलं. मग मला. मला वाटलं कुणीतरी खरंच मेलंय, म्हणून मी विचारलं, "कोण गेलं?" त्याचं उत्तर म्हणून एक चापट बसली. त्या दिवसापासून ताईचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. तिचं नाव कोरलेलं स्टीलचं ताट होतं, ते आईनं फडताळात सगळ्यात खाली ठेवलं आणि वर परात झाकली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दादांनी टीव्ही आणला. घर फार गप्प झालं होतं, काहीतरी आवाज पाहिजे म्हणून आणला असणार, असं मला आता वाटतं. पत्र्यावर अँटेना उभा केला. चित्रात मुंग्या फिरायच्या, तरी अर्धी गल्ली आमच्या ओसरीत येऊन बसायची. ती हिंदी विनोदी मालिका आठवड्यातून एकदा लागायची. आई, बाप, आजोबा, दोन पोरं आणि एक थोरली मुलगी. ही थोरली म्हणजे त्या घरातली शहाणी. बाकीचे घोळ घालायचे आणि ती निस्तरायची.

एका आठवड्यात तिच्या आईनं तिला सांगितलं, गच्चीवरचे कपडे घेऊन ये. ती जिना चढून गेली. खाली शेजाऱ्याचा काहीतरी गोंधळ झाला, हशा झाला, मालिका संपली. पुढच्या आठवड्यात मालिका लागायच्या वेळेलाच लाईट गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात पाहिलं तर थोरली घरात नव्हती. टेबलाशी एक खुर्ची कमी. सगळे जेवत होते, विनोद करत होते, खिडकीबाहेरचे हसत होते, आणि ती कुठं आहे हे कुणी विचारतच नव्हतं. तिच्या आईनंसुद्धा नाही.

आई म्हणाली, "कपडे आणायला गेल्ती ती. उतरलीच न्हाई व्हय?"

"लाईट गेल्ती तवा सांगितलं आसंल," दादा म्हणाले. "लगीन झालं आसंल तिचं. बास आता."

गावात कुणालाही विचारा, सगळ्यांचं हेच म्हणणं. शहरातल्या माणसाला हे कळायचं नाही. आम्ही कुठलीच मालिका सलग पाहिलेली नाही. अर्धी पाहायची आणि अर्धी लाईटीवर सोडायची. त्यामुळं गोष्टीत काही विचित्र दिसलं की ती चूक मालिका काढणाऱ्याची आहे हे कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. उत्तर आहे, फक्त ते आपल्या वाट्याच्या अंधारात गेलं, अशी सगळ्यांची खात्री.

आईच्या डोक्यात मात्र ते बसलं. माझा मामा, तिचा धाकटा भाऊ, अंकुशनगरला साखर कारखान्यावर कामाला होता आणि तिथल्या कॉलनीत राहायचा. गाळप चालू असताना कारखाना आपली वीज आपणच तयार करायचा, त्यामुळं तिकडं लाईट जात नसे. ताईला पळून जायला मामानंच मदत केली असा दादांना संशय होता. त्यांनी त्याला एकदाच बजावलं होतं, "तिचं नाव काढायचं आसंल तर ह्या उंबऱ्यात पाऊल टाकू नको." मामा बाजाराच्या निमित्तानं यायचा, पण दादा त्याला आणि आईला क्षणभरही एकटं सोडायचे नाहीत. तिघं ओसरीवर बसायचे, चहा व्हायचा, पिकापाण्याचं बोलणं व्हायचं, आणि मामा एस.टी. धरून परत जायचा.

त्या खेपेला आईनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि विचारलं, "भाऊ, तिकडं लाईट आस्ती. ती थोरली वर गेल्ती. तिचं काय झालं, सांगितलं का त्यायनी?"

मामाला आधी काही समजलं नाही. "कोन्ची थोरली?"

"ती मालिकेतली. जिना चढून गेली न्हाई का. मला जिवाला लागून राह्यलंय. ती खाते-पिते का, नीट हाय का, काय कळंना."

मामा आईकडं बघत राहिला. मग दादांकडं एकदा पाहिलं. दादा सुपारी कातरत होते.

"नीट हाय, आक्का," मामा म्हणाला. "दाखवलं तिकडं. जालन्यात ऱ्हाती. मस्तगडला खोली केलीय. नवरा चांगला हाय."

आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भाकरी थापल्याचा आवाज येत नव्हता.

मला मात्र नवलच वाटलं. जालना आणि मस्तगड हिंदी मालिकेत कसं आलं? मी शाळेत सांगत फिरले की कारखान्यावरच्या टीव्हीत वेगळंच दाखवतात, लाईट बराबर असली की आपल्या गावांची नावंसुद्धा येतात. पोरींना ते पटलं. एक तर कारखान्यावर मावशीकडं राहायला जायचा हट्ट धरून बसली.

असं पुढं वर्षानुवर्षं चाललं. मामा आला की आई विचारायची आणि मामा सांगायचा. थोरलीनं शिवणाचं मशीन घेतलं. थोरलीला ताप आला होता, पण आता बरी आहे. थोरलीला मुलगा झाला. त्या दिवशी आईनं मामाला शिरा करून घातला आणि कशाचा शिरा हे कुणी विचारलं नाही. एकदा मामा बोलून गेला, "पोराच्या गालाला खळी पडती. बिलकुल तुझ्यावानी." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आईकडं पाहिलं. तिनं डोळ्यांनीच मला गप्प बसवलं.

ती मालिका तोपर्यंत केव्हाच बंद पडली होती. तिच्या जागी दुसऱ्या आल्या आणि गेल्या. पण आमच्या ओसरीवर ती चालूच होती आणि दादा समोर बसून सुपारी कातरत होते. बंद पडलेल्या मालिकेचं हे काय लावलंय, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. हे मला त्या वेळी खटकायला हवं होतं. मला वाटायचं, त्यांचं लक्षच नाही.

मी दहावीला होते तेव्हा मामा बाजाराचा दिवस नसताना आला. चहा नको म्हणाला. आईनं विचारायच्या आधीच बोलला.

"आक्का, ती मालिका बंद झाली."

"बंद?"

"दुसऱ्या खेपेला... न्हाई निभावलं तिला. लेकरू बी गेलं पोटातलं."

आई तशीच उभी होती. रडायचं कुणाच्या नावानं? ह्या घराच्या हिशेबी ती मुलगी केव्हाच मेली होती, तिची आंघोळसुद्धा होऊन गेली होती. मालिकेतल्या बाईसाठी कुणी ऊर बडवत नाही. तिनं एवढंच विचारलं, "अन् पयलं पोरगं?"

"कुलूप हाय खोलीला. त्यो पोराला घेऊन कुठं गेला, शेजाऱ्यायलाबी माहीत न्हाई. मी लई हिंडलो, आक्का."

दादा उठले आणि गोठ्याकडं गेले. भर दुपारी गोठ्यात त्यांचं काही काम नव्हतं.

आई अंगणात आली. त्याच दगडावर बसली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घ्यायला लागली. तांब्यावर तांब्या. मी आणि मामा बघत होतो. दारावरून जाणारी एक बाई थांबली आणि हसून म्हणाली, "आता गं ह्या टायमाला काय आंघोळ?" आई म्हणाली, "लई उकडून राह्यलंय." मला त्या बाईच्या अंगावर धावून जावंसं वाटलं होतं. दादांच्याही. अजून वाटतं.

त्यानंतर आईनं मामाला कधी काही विचारलं नाही. टीव्ही लागला की ती आत जायची. पुढं काही वर्षांनी ती गेली, आणि तिच्यानंतर मामाही गेला. मामानं शेवटपर्यंत त्या पोराचा तपास केला. कुणी सांगितलं पुण्याकडं गेले, कुणी सांगितलं सुरतेकडं. हाती काही लागलं नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझं लग्न होऊन मी जालन्यात होते. दादा थकले होते, बाजेवरून फारसे उठत नसत, म्हणून मी त्यांच्यापाशी जाऊन राहिले होते. पत्र्यावर आता छत्री बसली होती आणि घरात इन्व्हर्टर होता. एका वाहिनीवर जुन्या मालिका पुन्हा दाखवत होते. दुपारी मी बटणं दाबत होते तर तेच टेबल आणि त्याच्या एकाच बाजूला बसलेली तीच माणसं समोर आली. मी पुढं जाणार होते.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले.

थोरली जिना चढून गेली. खाली शेजाऱ्याचा गोंधळ झाला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दादा स्वतःच उशीला टेकून बसले. आमच्या लाईटीनं गिळलेला भाग तो हाच. मी त्यातला शब्दन्‌शब्द ऐकला. आजोबांची कवळी हरवली, शेजारी साखर मागायला आला, सगळे जेवायला बसले, एक खुर्ची कमी होती. थोरलीचा उल्लेखसुद्धा नाही. म्हणजे अंधारात काही गेलंच नव्हतं. त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं आणि आम्ही इतकी वर्षं लाईटीला बोल लावत होतो.

"झालं?" दादांनी विचारलं.

"झालं."

"काहीच सांगितलं न्हाई?"

"न्हाई."

पुढं जाहिराती लागल्या. दादा पडद्याकडंच बघत होते. मला वाटलं, त्यांचा डोळा लागला.

"मंग तिचं पोरगं कुणापाशी हाय?" ते म्हणाले.

मालिकेतल्या थोरलीचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. पोरगं होतं ते फक्त मामाच्या तोंडी, ह्याच ओसरीवर. ह्या माणसानं सगळं ऐकलं होतं. मशीन, ताप, शिरा, गालाची खळी, सगळं त्याच्याजवळ जपलेलं होतं. एक शब्द बोलला असता तर तेव्हाच मस्तगडला जाता आलं असतं, आईला लेकीचं तोंड दिसलं असतं, पोराचा ठावठिकाणा राहिला असता. आता ते पोरगं मिसरूड फुटायच्या वयाचं असेल, आणि विचारणारी आई आणि सांगणारा मामा दोघंही मातीत गेले होते.

मला त्यांची दया आली, हे खोटं कशाला सांगू, आलीच. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"लाईट गेल्ती, दादा."